सोबत : कथा, पृष्ठे अकरा

मुलीच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला, पुस्तकांचे एक लाकडी फडताळ होते. ज्याला जे पुस्तक नको असेल ते त्याने तिथे आणून ठेवायचे, ज्याला हवे असेल त्याने उचलायचे. कुणाला विचारायचे नाही, कुठे नोंद करायची नाही. म्युनिकपासून एस-बान या लोकलगाडीने अर्ध्या तासावरच्या उंटरश्लाइसहाइममध्ये मी वर्षातून दोनदा, व्हिसा परवानगी देतो तितकेच नव्वद दिवस, मुलीकडे राहतो. त्या दिवसांतले माझे निम्मे वाचन त्या फडताळाने पुरवले आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यावर एक कागद चिकटवलेला दिसला. इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीने, इथे तिला हाउसफेरवाल्टुंग म्हणतात, कळवले होते की चौदा दिवसांच्या आत हे फडताळ पुस्तकांसह हटवावे. अन्यथा त्याची विल्हेवाट लावली जाईल.

पुस्तकांच्या संदर्भात विल्हेवाट हा शब्द वाचला की माझे डोके फिरते. कायदा शिकत असताना पुण्यात मी तीन वर्षे संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकलो होतो. त्या जुन्या, काहीशा इस्त्री केलेल्या जर्मनमध्ये मी कंपनीला चार पानी पत्र लिहिले आणि त्याची एक प्रत खाली त्या कागदाशेजारीच चिकटवली.

"बाबा, चार पानं? जिन्यातल्या कपाटासाठी?" मुलीने विचारले.

"कपाटासाठी नाही. त्या कागदाखाली सहीसुद्धा नाही. पुस्तकं उचला म्हणणाऱ्याला स्वतःचं नाव लिहायची लाज का वाटते, एवढंच विचारलंय."

"इथे बिनसहीचे कागदही कायदेशीर असतात हो. खाली तसं छापलेलं असतं."

ते छापलेले होते. चौथ्या दिवशी उत्तर आले आणि सोबत अग्निसुरक्षेच्या नियमांची प्रत. जिना हा आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग आहे, तिथे ज्वालाग्राही वस्तू ठेवता येत नाही. मी नियम दोनदा वाचला आणि मला मान्य करावे लागले की त्यांचे म्हणणे बरोबर आहे. चाळीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली केलेल्या माणसाला हरण्याची सवय असते. पण नियम आधी वाचला असता तर पत्राची गरजच नव्हती, या गोष्टीने मी अस्वस्थ झालो, आणि ते फडताळासाठी नव्हते. त्याचे कारण पन्नास वर्षे जुने आहे.

त्याच दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. ऐंशीच्या आतबाहेरच्या, ताठ, हातात माझ्या पत्राची प्रत. फडताळ मूळचे त्यांचे होते.

"हे तुम्ही लिहिलंत?" त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "माझे आजोबा गेल्यानंतर असं जर्मन मी वाचलं नव्हतं. इतकं रागावून इतकं सभ्य कसं लिहिता?"

"सवय आहे," मी म्हणालो.

"पुस्तकं मी माझ्या तळघरात नेतेय. तुम्हाला हवी असतील तर घंटा वाजवा. कॉफी मिळेल."

मी जाऊ लागलो. बाई मूळच्या पूर्व जर्मनीतल्या, सॅक्सनीतल्या एका लहान शहरातल्या. मुलगा म्युनिकला नोकरीला लागला म्हणून म्हातारपणी इकडे आलेल्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी खिडकीखालच्या कपाटातून एक जाड धारिका काढून माझ्यासमोर ठेवली. तरुणपणी त्या कविता करत. सात जण दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी जमत आणि लिहिलेले एकमेकांना वाचून दाखवत. त्या सातांतला एक जण दर शुक्रवारी सरकारला अहवाल देत असे. पुढे ते राज्य गेले, भिंत पडली, आणि ज्याच्या-त्याच्यावर सरकारने ठेवलेली फाइल ज्याची त्याला पाहता येईल असा कायदा झाला. बाईंनी अर्ज केला, वाट पाहिली, आणि एके दिवशी एका वाचनालयासारख्या शांत खोलीत त्यांच्यासमोर त्यांचे आयुष्य आणून ठेवण्यात आले.

अहवालांच्या मध्ये नऊ कविता होत्या. टंकलिखित. ओळ जिथे तुटायला हवी तिथेच तुटलेली. एके ठिकाणी घाईत गळलेला स्वल्पविराम टंकणाऱ्याने कंसात भरलेला.

"मूळ प्रती?" मी विचारले.

"जाळल्या. झडती होईल म्हणून. आज या कविता आहेत त्या केवळ त्याच्यामुळे."

"त्याच्यामुळे म्हणजे?"

"गुरुवारी माझ्या शेजारी बसायचा. प्लमचा केक फार छान करायचा." त्या हसल्या. "दोन नवरे झाले माझे. पण माझी प्रत्येक ओळ दोनदा वाचणारा तो एकटाच."

मला त्यांचा हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण जे वाटले ते हेच. ज्या राज्याने त्यांना भिववले, त्या राज्याने त्यांचा शब्द जपून ठेवला होता. हुकूमशहांना साहित्य समजत नाही असे आपण सभांमधून म्हणतो. ते खरे नाही. त्यांना ते आपल्याहून अधिक महत्त्वाचे वाटते. कवितेने राज्य हलेल यावर आमच्या साहित्यसंमेलनांचाही तितका विश्वास नसतो.

बाईंनी माझा चेहरा वाचला असावा. "हेवा करू नका," त्या म्हणाल्या. "मला या वाचता येत नाहीत. दोन ओळी झाल्या की तो मान डोलावत ऐकताना दिसतो." मग धारिका बंद करून त्यांनी विचारले, "तुमच्याकडे अशा फाइलीत कोण आहे?"

"माझी मोठी बहीण."

"आणि खबऱ्या?"

त्या दिवशी मी त्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. कॉफी संपवली आणि वर आलो.

ते उत्तर सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या आमच्या गावचे आहे. आणीबाणीचे पहिले वर्ष होते. मला वकिलीची सनद मिळून चार महिने झाले होते. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. गावातल्या कन्याशाळेत मराठी शिकवत असे. गावात एक छापखाना होता. वर्षाचे अकरा महिने तिथे लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापली जात. बाराव्या महिन्यात छापखान्याचे मालक संपादक होत आणि तालुक्याचा स्वतःचा दिवाळी अंक काढत. त्या वर्षी त्यांनी आक्काकडे कथा मागितली आणि तिने लिहिली. तिची पहिलीच.

श्रावणी सोमवारी संध्याकाळी, उपास सुटायच्या आधी, तिने ती आम्हाला वाचून दाखवली. एका गावात नगरपालिकेचा भोंगा दिवसातून चार वेळा वाजतो. लोक त्यावर उठतात, कामाला लागतात, जेवतात, दिवे लावतात. एक दिवस भोंगा वाजवणारा शिपाई दुपारी बाराचा भोंगा वाजवत नाही. पाने वाढलेली असतात, माणसे पाटावर बसलेली असतात, पण कुणी घास उचलत नाही, कारण बारा वाजलेले नाहीत. भाताची वाफ जाते. शेवटी एक म्हातारी म्हणते, मला बाई भूक लागली, आणि जेवू लागते. मग शेजारची. मग समोरची आळी. भूक लागायला भोंगा लागत नाही हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळते. मग नगरपालिकेचे साहेब त्या शिपायाला बोलावून घेतात.

इथपर्यंत मला लख्ख आठवते.

"उपास आहे म्हणून जास्तच आवडली," वडील म्हणाले, आणि आई पाने घ्यायला उठली. आक्काच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी जो आनंद होता तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. आज इथे, बर्फात आणि बिनबर्फात, मला ज्या गोष्टीची ओढ लागते ती गावाची नाही. गाव मी जाऊन पाहू शकतो. ओढ लागते ती त्या चेहऱ्याची.

छापखान्याचे मालक मात्र कथा वाचून घाबरले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "वकीलसाहेब, हा भोंगा म्हणजे नक्की कोण हो?"

"भोंगा म्हणजे भोंगा."

"मग तसं लिहून द्या की. तुमच्या सहीनं. वरती पाठवू, मंजुरी येऊ दे, मग मी बिनघोर छापतो."

आणि मी लिहून दिले. छापण्याआधी मजकूर तपासून घ्यावा लागतो, असे वर्तमानपत्रांत आले होते. मूळ आदेश मी वाचला नव्हता. राजपत्र आमच्या तालुक्याला आठ-दहा दिवस उशिरा येई आणि ते पाहायला मी कचेरीत गेलोही नाही. चार महिन्यांच्या सनदेवर मी घरच्या ओट्यावर बसून निर्णय दिला, की छापायचा प्रत्येक शब्द सरकारला दाखवणे बंधनकारक आहे. आदेशाचे शब्द न वाचता मी आदेश पाळला. शिवाय माझी हुशारी अशी, की मी आक्काकडून स्वच्छ प्रत आणि तिची कार्बन प्रत, दोन्ही मागून घेतल्या, कारण अर्ज दोन प्रतींत करायचा असतो. आणि कच्चा खर्डा ठेवू नकोस म्हणून सांगितले. उद्या झडती झाली तर दोन मजकुरांतला फरक दाखवून ते आपल्याला अडकवतील, हा माझा मुद्दा होता. मुद्दा म्हणून तो आजही बिनतोड आहे.

"तू म्हणतोस म्हणून देते," आक्का म्हणाली. "माझं मन नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खर्डा बंबात घातला. त्या पाण्याने मी आंघोळ केली.

उत्तर आलेच नाही. नकार नाही, लाल शाई नाही, बोलावणे नाही. मी दोनदा जिल्ह्याच्या गावी जाऊन विचारले. कारकून मान वर न करता म्हणाला, विचाराधीन आहे. दिवाळी तोंडावर आली. काढलेल्या मजकुराची जागा कोरी ठेवायची नाही असे सगळेच सांगत. कोरी जागाही बोलते म्हणे. मालकांनी कथेच्या जागी वार्षिक राशिभविष्य वाढवले. मीन राशीला त्या वर्षी तीन पाने आली. आमच्या आईची रास मीन. ती म्हणाली, "एवढं भविष्य मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं." सगळे हसलो. आक्काही हसली.

आणीबाणी उठल्यावर मी न्यायालयाच्या ग्रंथालयात तो आदेश पहिल्यांदा वाचला. ठरावीक विषयांवरच्या बातम्या, भाष्ये, अफवा. माझ्या वाचनाप्रमाणे तालुक्याच्या दिवाळी अंकातली काल्पनिक कथा त्यात कुठेही बसत नव्हती. मी ग्रंथालयात उभाच होतो. खुर्ची शेजारी होती, पण बसायचे सुचले नाही.

तेव्हापासून मी पत्रे लिहितो आहे. गटारांबद्दल, पाठ्यपुस्तकांतल्या चुकांबद्दल, बंद पडलेल्या वाचनालयांबद्दल, वर्तमानपत्रांच्या गप्प अग्रलेखांबद्दल. माझ्या पत्रांतला राग जास्त आहे असे अनेक अधिकाऱ्यांनी मला लेखी कळवले आहे. तो त्यांच्यावरचा नसतो हे त्यांना कसे माहीत असणार? मला त्या चार महिन्यांच्या वकिलाचा राग येतो. सेन्सॉरने आक्काची कथा मागितली नव्हती. ती मी नेऊन दिली.

आणि हे आता संपले आहे असेही नाही. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाने माझा लेख मागवला आणि मग संपादकांचा फोन आला. "तेवढा दुसरा परिच्छेद काढू या का काका? तसं काही नाही. उगाच कशाला." मी विचारले, कुणी सांगितले आहे का? म्हणाले, छे, छे, कुणीच नाही. कुणीच नाही, हे खरेच होते. मी लेख परत घेतला. त्या संपादकाचा मला राग आला नाही, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

जर्मन राज्यघटनेच्या पाचव्या कलमात एक छोटे वाक्य आहे. सेन्सॉरशिप करू नये, असे ते म्हणत नाही. सेन्सॉरशिप होत नाही, असे म्हणते. आज पाणी येणार नाही हे सांगावे इतक्या साधेपणाने. ते वाक्य मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना एकदा कौतुकाने म्हणून दाखवले. त्या म्हणाल्या, "आमच्याकडच्या राज्यघटनेतही छान छान वाक्यं होती." आणि कॉफी ओतू लागल्या.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आक्काचे विसरणे सुरू झाले. ती साताऱ्याला मुलगा-सुनेकडे असते. आधी चष्मा, मग माणसांची नावे. डॉक्टरांनी सुनेला सांगितले, जुने शेवटी जाईल, पण जाईल. ते ऐकले आणि माझ्यापुढे एकच काम उरले. ती कथा तिला एकदा ऐकवायची, तिला ती आपली म्हणून ओळखता येते आहे तोवर.

माहितीच्या अधिकाराचा कायदा होऊन वीस वर्षे झाली. त्या कायद्याखाली मी किती अर्ज केले हे मलाच ठाऊक नाही. माझ्या बॅगेत पासपोर्टच्या कप्प्यातच कोर्ट फी स्टॅम्प असतात. पण हा एक अर्ज मी केला नव्हता. कारण त्या फाइलीत आक्काच्या कथेच्या वर काय लावलेले असेल हे मला माहीत होते. बाईंना मी उत्तर दिले नाही त्याचेही कारण तेच.

या वर्षीच्या वसंतात मुलीच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी तो अर्ज लिहिला.

"पन्नास वर्षांनी, बाबा?"

"मुदतीचा कायदा माहितीला लागू होत नाही."

"ते नाही म्हणत मी. आत्याला विचारलंत का, तिला ती कथा हवीय का?"

मी पाकिटावर पत्ता घालत राहिलो. विचारले नव्हते.

अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. कलम सहा, पोटकलम तीनखाली तो एका कार्यालयातून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे वर्ग झाला. मधल्या काळात मी पुण्याला घरी जाऊन परत इकडे आलो. ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या शेजाऱ्यांनी माझ्या सांगण्यावरून एक सरकारी पाकीट उघडले आणि आतल्या कागदांचे फोटो फोनवर पाठवले. पहिला कागद दोन वाक्यांचा होता. आपण मागितलेल्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. पत्रासोबतची सहपत्रे अभिलेखात आढळून येत नाहीत.

दुसरा कागद म्हणजे माझे पत्र. माझे अक्षर, माझी सही, सहीखाली नवीकोरी पदवी. खाली डाव्या कोपऱ्यात मी नियमाप्रमाणे लिहिले होते: सोबत : कथा, पृष्ठे अकरा, दोन प्रतींत. त्या ओळीवर कुणीतरी पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. म्हणजे कथा पोहोचली होती. एका माणसाने ती मोजली होती.

दडपशाहीवर रागवायला मी शिकलो होतो. पण जप्त करण्याइतकीही फिकीर न करता हरवून टाकणाऱ्यावर कसे रागवायचे? बाईंच्या राज्याने कविता जपल्या. आमच्या राज्याने माझा आज्ञाधारकपणा जपला आणि कथा टाकून दिली.

रविवारी दुपारी मी आक्काला व्हिडिओ कॉल लावतो. साताऱ्यात तेव्हा चहाची वेळ असते. त्या रविवारी सुनेने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. आधी छत दिसले, मग आक्का.

"काय वकील, जेवलास का? जाड झालायस."

"फोनमध्ये दिसतो तसा. आक्का, तुझ्या कथेबद्दल बोलायचं होतं. भोंग्याच्या."

तिने बशीत चहा ओतला. मला वाटले, ते गेले असावे. पण ती म्हणाली, "त्याचं काय आता?"

"ती पाठवायची गरजच नव्हती. मी आदेश वाचलाच नव्हता तेव्हा. न वाचताच तुला सांगितलं."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. अरे, मास्तरीण होते मी. धडा न वाचता उत्तर ठोकणारी पोरं लांबूनच कळतात."

"मग दिलीस कशाला?"

ती बशी फुंकत राहिली. "घाबरला होतास तू. बोलत होतास कायद्याचं, पण हात बघितला होता मी तुझा. तसं तुला बघवेना मला." मग घोट घेऊन म्हणाली, "मिळाली का?"

"कथा नाही मिळाली. माझं पत्र मिळालं."

"वा! सरकारची आवड कळली. वाच की मग."

मी वाचू लागलो. "महोदय, सोबतची कथा आपल्या अवलोकनार्थ सादर करीत आहे. तिच्यासंबंधी पुढील बाबी विनयपूर्वक निदर्शनास आणू इच्छितो. एक, सदर कथेत कोणत्याही हयात अथवा मयत व्यक्तीचा निर्देश नाही."

"हयात नाही, मयत नाही. म्हणजे सगळी भुतंच की."

"दोन, कथेतील नगरपालिका काल्पनिक आहे."

"आपलीच होती. तो पिवळा जिनासुद्धा घातला होता मी."

"तीन, कथेतील भोंगा हा केवळ भोंगा असून त्यातून अन्य कोणताही अर्थ अभिप्रेत नाही."

आता ती मनापासून हसली. सून आतून काय झाले म्हणून पाहायला आली. "ऐक गं," आक्का तिला म्हणाली, "मामा काय लिहितात बघ. केवळ भोंगा म्हणे. मग मी काय अकरा पानं भोंग्याचं वर्णन लिहिलं होय?"

"चार, भोंगा न वाजल्याने ग्रामस्थांना झालेला जो आनंद दर्शविला आहे तो क्षणिक आहे."

"पाच?"

मला ते वाचायचे नव्हते. "पाच, कथेच्या अखेरीस संबंधित शिपायास आपल्या कृत्याचा पश्चात्ताप होतो."

हसू थांबले. तिने बशी खाली ठेवली.

"कुणाला पश्चात्ताप?"

"शिपायाला."

"कशाबद्दल? मी असं लिहिलं नव्हतं."

"नव्हतंस. मंजुरी मिळावी म्हणून मी घातलं ते."

"खोटं लिहिलंस माझ्या कथेबद्दल."

"हो."

"सरकारला."

"हो, आक्का."

तिने फोन साखरेच्या डब्यासकट जवळ ओढला. "मग खरं काय होतं शेवटी?"

"तू सांग ना. तुझी कथा आहे."

"साहेबांनी बोलावलं त्याला," ती म्हणाली. "तो दारात उभा राहिला. टोपी हातात. साहेब म्हणाले, उद्या बाराला... उद्या बाराला जर..." तिचे बोट टेबलावर एक रेघ ओढत होते. रेघ पुढे जाईना. "मग काय रे झालं? वाजवतो का तो दुसऱ्या दिवशी? का नाही वाजवत?"

मी ती कथा किमान सात वेळा वाचलेली आहे. प्रत्येक वाक्यात कुठे आक्षेप निघेल ते शोधत वाचलेली आहे. आणि शेवटाकडे वळलो की मला फक्त माझ्या पत्रातले पाचवे कलम दिसते, माझ्याच अक्षरात. दुसऱ्या दिवशी बाराला त्या गावात काय झाले, ते तिला आठवत नव्हते आणि मला ते आता कळण्याचा मार्ग नव्हता.

"मला आठवत नाही, आक्का."

"असू दे. पण बघ कुठं मिळतंय का. मिळालं तर सांग मला." आणि सुनेने फोन उचलताना, छत पुन्हा दिसू लागले तेव्हा, तिचा आवाज आला, "ऐकायचंय मला ते."

प्रथम अपिलाची मुदत तीस दिवसांची असते. मी दुसऱ्या दिवशीच सकाळी लिहायला बसलो. पहिले कारण, शोध अपुरा आहे; सहपत्रे पोहोचल्याची खूण खुद्द कार्यालयाच्याच पेन्सिलीची आहे. दुसरे कारण, सहपत्रे नष्ट केली असतील तर नष्ट केल्याची नोंद दाखवावी, आणि नोंद नसेल तर ती नष्ट झालेली नाहीत असे गृहीत धरून जुन्या कपाटांचा, बांधलेल्या गठ्ठ्यांचा आणि कार्यालय हलवले तेव्हा मागे राहिलेल्या खोल्यांचा शोध घ्यावा. ही दोन कारणे कायद्याला धरून आहेत.

तिसरे कारण मी एका ओळीत लिहिले. लेखिका हयात असून तिला कथेचा शेवट ऐकावयाचा आहे.

अपिलाला असे कारण चालत नाही. कोणताही अपिलीय अधिकारी त्याच्याकडे लक्ष देणार नाही, आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्या वकिलाने ते लिहिले असते तर मी त्याला ते काढायला लावले असते. मुलगी मागे उभी राहून वाचत होती. मी ते तसेच राहू दिले आणि खाली सही केली.